रविवारचा वारा

शलाकाची नोकरी गेली. पण हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही गेली नाही असंच धरून चालू.

पवनचक्कीच्या उद्घाटनाचा मुहूर्त रविवारचा निघाला. ऑफिसच्या गच्चीवर मालक नारळ घेऊन उभे. सोलर पॅनेल उन्हात तापत होती, शेजारची पवनचक्की मात्र ढिम्म.

"अगं, वर्षभर वारा मोजून तूच अहवाल दिलास ना, इथे पवनचक्की परवडेल म्हणून?" शलाकाचे साहेब तिच्या कानाशी कुजबुजले. "मग आजच कुठे गेला?"

तिने वारा मोजायच्या यंत्राकडे पाहिलं. त्याला खेटूनच इमारतीच्या एसीचा भलामोठा पंखा होता, सुट्टीमुळे बंद. वर्षभर तिने त्याचीच हवा मोजली होती.

"सर, उद्या साडेनऊला येईल," ती कशीबशी म्हणाली.

संध्याकाळी तिने हवामान खात्याला अर्ज टाकला: 'तरी आमच्या गच्चीवर रविवारीही वारा उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.'