नैनाची फायनल

२००५ सालची गोष्ट. अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या बाजूला बॉथेलजवळ इनडोअर बोल्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि माझी नात नैना अमेरिकेकडून फायनल खेळत होती. गालिच्यावरून चेंडू घरंगळवायचे, पांढऱ्या छोट्या चेंडूच्या ज्याचा जास्त जवळ, तो जिंकला, एवढाच खेळ.

"पोरीला आपलं काही वळण म्हणून लावलं नाहीस," मी प्रेक्षकांत बसूनही सूनबाईला, वीणाला, ऐकवत होते.

शेवटच्या डावात दोघींचे चेंडू जवळजवळ बरोबरीत थांबले. बघायला जाताना नैनाचा पाय समोरच्या स्कॉटिश बाईंच्या चेंडूला लागला आणि तो जरासा लांब सरकला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पण नैना पटकन वाकली, चेंडूला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून नमस्कार केला.

पंचांनी विचारलं, हे काय? तिने खरं ते सांगितलं. चेंडू जागेवर ठेवून मोजलं. स्कॉटलंड जिंकलं.

"घ्या आई," वीणा म्हणाली, "लागलं तुमचं वळण."

नैना आता सिअ‍ॅटलमध्ये मुलांना बोल्स शिकवते. वीणा मला अजून चिडवते.

आणि त्या स्कॉटिश बाई म्हणे आजही प्रत्येक फायनलआधी चेंडूला मुद्दाम पाय लावून नमस्कार करतात.