मागची सीट

सकाळीच त्याने गाडी वीतभर पुढे ढकलून ठेवली होती, मागच्या टायरवरचे चार आकडे साखळीच्या आड जातील अशी. कारखान्यात तपासनीस म्हणून लोकांचा माल नापास करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. बघणाऱ्याची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मोटरसायकल सतरा वर्षांची, रेसची, लाल. घ्यायला आलेला तरुण एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तो टाकीवरून हात फिरवत होता आणि कॉलेजपासून अशीच गाडी हवी होती म्हणून सांगत होता. इंजिनाचा आवाज त्याने दोनदा ऐकला, ब्रेक दाबून पाहिले. मग वाकून मागच्या टायरची नक्षी नखाने चाचपली.

"टायर तर नवाच दिसतोय, काका."

"फार चालवलेलीच नाही," तपासनीस म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

टायर बारा वर्षांचा होता. ते आकडे त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष सांगत होते. नक्षी खोल होती, वर पॉलिशची चमक होती, पण रबर लाकडासारखं टणक झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी ओल्या वळणावर मागचं चाक सटकलं, तेव्हा तपासनीस पडता पडता वाचला होता. पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने हे सगळं सरळ सांगून टाकलं होतं. ते गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता गेलं. विकायच्या गाडीला नवा टायर कशाला, असं मग त्याने स्वतःला पटवलं आणि पॉलिशची डबी आणली.

कागदांवर सह्या झाल्या. पायरीवर तपासनिसाची अकरा वर्षांची लेक गाल फुगवून बसली होती. गाडी विकायची ठरल्यापासून ती बापाशी धड बोलत नव्हती. कंपाउंडरच्या ते लक्षात आलं. माणूस मनाचा चांगला होता. गाडी सुरू करून तो म्हणाला, चल, कोपऱ्यापर्यंत शेवटची चक्कर मारू.

लेकीची कळी खुलली. बापाने मान वर करायच्या आत ती त्या उंच, चिमुकल्या मागच्या सीटवर चढलीसुद्धा.

"उतर," तपासनीस ओरडला.

तिने ऐकलं नाही, तेव्हा त्याने तिला दंडाला धरून खाली ओढलं. कंपाउंडरने गाडी बंद केली आणि त्याच्याकडे पाहिलं. आता बोलायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"टँकर सांडत गेलाय मघाशी. रस्ता ओला आहे," तपासनीस म्हणाला.

कंपाउंडर हसला. हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाला, "इतक्या जपणाऱ्या माणसाची गाडी मिळाली, नशीबच म्हणायचं माझं."

"सावकाश जा," एवढंच तपासनिसाच्या तोंडून निघालं. गाडी निघाली.

लेक दंड चोळत उभी होती. रडली नाही. रस्त्यावरच्या पाण्याच्या पट्ट्याकडे बघत तिने विचारलं, "मला उतरवलंत, मग त्या दादांना कसं जाऊ दिलंत?"

तपासनिसाने हात वर करून तिला गप्प केलं. तो कान देऊन ऐकत होता. कोपऱ्यावर आवाज जरा खाली आला, मग पुन्हा चढला आणि दूर गेला. आपल्या कोपऱ्यावर तरी काही झालं नाही, म्हणून त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्याला शिसारी आली, आणि लेकीकडे न बघता तो आत गेला.