गरम तेलाचं दुखणं

लोडर पुन्हा जागच्या जागी डावीकडे गोल फिरला आणि ड्रायव्हर लिंबाजीने इंजिन बंद केलं. उजवी चाकं जोरात होती. डावी ढिम्म हलत नव्हती.

सुपरवायझर भुजंगने मान पुसली. उद्या या माळावर सभा होती. उदगीरचा जिल्हा करा म्हणून सगळा तालुका लोटणार होता आणि गाड्या उभ्या करायला माळ सपाट हवा होता. एक कोपरा तेवढा उरला होता. त्याने मालकांना फोन लावला. मालक आधी चिडले, मग म्हणाले, मेकॅनिक बोलाव, तो सांगेल ते कर, पण मशीन आज नीट झालं पाहिजे.

माळाखाली कोरडं तळं होतं. गावातल्या बाया फावड्यांनी त्यातला गाळ उपसत होत्या. पाऊस तोंडावर आला होता आणि निम्मं तळंही मोकळं झालं नव्हतं. आत उतरायची वाट अरुंद, मोठं मशीन जात नव्हतं. म्हणून सरपंच सरजाबाईंनी परवा भुजंगकडे हा छोटा लोडर एका दिवसासाठी मागितला होता. मालकांनी साफ नाही म्हटलं. भुजंगने तो निरोप जसाच्या तसा पोचवला आणि तेव्हापासून तो त्यांच्या समोर गेला नव्हता.

गुरम्मा मोटारसायकलवर आली, मागे पान्यांची पेटी बांधलेली. उदगीरला तिचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं आणि मशीनच्या आवाजावरून ती दुखणं सांगते, असं लोक म्हणत. तिने लिंबाजीला आधी सगळं विचारलं. थांबलं कधी, हळूहळू की एकदम, तेव्हा आवाज कसला आला. मग तिने तेल पाहिलं. फिल्टर काढून उन्हात धरला. चाकांच्या साखळ्या चाचपल्या. कसलीही घाई नव्हती. भुजंग तिच्या हातांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने मशीनला असं हात लावणारं माणूस पाहिलं नव्हतं.

शेवटी तिने केबिन मागे कलंडवली आणि टॉर्च घेऊन आत वाकली. बराच वेळ ती तशीच होती. मग तिने पेटीतून काहीतरी काढलं, आत हात घातला आणि केबिन हळूच खाली बसवली.

"चालवून बघ," ती लिंबाजीला म्हणाली.

लोडर सरळ पुढे गेला, सरळ मागे आला. लिंबाजी हसला. भुजंगने कोपऱ्याकडे बोट दाखवलं, तसा गुरम्माने हात आडवा केला.

"आत्ता न्हाई, साहेब. तेल थंड हाय. खरं दुखणं तेल गरम झाल्यावर, ओझ्याखाली कळतंय. इथं कडक जमिनीवर काय कळणार? भुसभुशीत मातीत दिवसभर वढायला पायजे."

"भुसभुशीत माती कुठंय?" भुजंगने विचारलं.

तिने तळ्याकडे पाहिलं.

भुजंगने पुन्हा फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. तिने मालकांना तेच ऐकवलं, सभेआधी मशीन पुन्हा अडलं तर जिम्मा माझा न्हाई, हेही वर सांगितलं. मालकांनी कुरकुरत होकार दिला.

मग लोडर अरुंद वाटेने तळ्यात उतरला. बाया बाजूला झाल्या. गाळाची एकेक बकेट ट्रॉलीत पडू लागली, ट्रॉल्या शेतांकडे धावू लागल्या. गुरम्मा काठावर बसून कान देत होती. मधेच थांबवायची, पाइपांना हात लावायची आणि म्हणायची, अजून म्हणावं तसं गरम न्हाई. सरजाबाईंनी तिला भाकरी दिली, भुजंगलाही दिली. त्याने ती खाली मान घालून खाल्ली.

दिवस कलला तेव्हा तळ्याचा तळ उघडा पडला होता. लोडर वर आला. लिंबाजीने त्याच दमात माळाचा उरलेला कोपराही ओढून काढला.

भुजंगने मालकांना कळवलं की मशीन ठणठणीत आहे, असा मेकॅनिक जिल्ह्यात नाही. ते मनापासून होतं. मग तो गुरम्माला रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

तिने पेटी गाडीला बांधली, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि त्याच्यापुढे तळहात पसरला.

"डाव्या चाकांच्या दांड्याला मी माझ्या ट्रॅक्टरची पिन घातली हाय, साहेब. तुमच्या खिशातली लावा तिथं, अन् माझी मला द्या."