पोटदुखीची तिसरी खेप

"पुन्हा पोट?" सिस्टरनं विचारलं, आणि धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं ठमीच्या आईला झालं.

पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. तातडीच्या विभागात बाकांवर कुणी फुटलेलं डोकं धरून बसलेलं, कुणी मोडका हात गळ्यात अडकवून. आणि त्या सगळ्यांत आठ वर्षांची ठमी, गालांवर तजेला, पाय हलवत.

मागच्या दोन्ही वेळी काही निघालं नव्हतं. हा विभाग जिवावर बेतलेल्यांसाठी असतो, पोट दुखलं तर गल्लीतला डॉक्टर आहे, हे सिस्टरनं तेव्हाच समजावलं होतं. आईला ते पटलंही होतं. पण आज दुपारी लाँड्रीत शाळेचा फोन आला. ठमी पोट धरून बसली होती आणि मोठ्याच दवाखान्यात न्या म्हणून अडून बसली होती. आईनं हातातली ओली चादर तशीच टाकली. मालकानं नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

वाटेत तिनं पोरीला गल्लीतल्या डॉक्टरकडे वळवून पाहिलं, तर ठमीनं रस्त्यातच बसकण मारली. कडेवर घेऊ का म्हटलं, तर तेही नको. उलट दवाखान्याच्या चढावर पोर पुढे आणि आई मागे, ओढणीनं घाम टिपत.

सिस्टरनं पोट दाबून पाहिलं. ठमी एकदा डावीकडे दुखतं म्हणाली, एकदा उजवीकडे. सिस्टरनं चष्म्यावरून आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. शाळेत कुणी त्रास देतं का, घरी काही घडलंय का, मुलं उगीच असं करत नाहीत, असं तिनं हळूच विचारलं.

"घरी आम्ही दोघीच," आई म्हणाली. "काही नाही घडलेलं."

तिची कानशिलं तापली. छातीत धडधडायला लागलं, हातपाय गळाले. चोरी पकडली गेल्यासारखं होऊन तिनं भिंतीला पाठ टेकली.

मग तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आईला बाहेर थांबायला सांगितलं आणि ठमीला एकटीला पडद्याआड नेलं.

आई बाकावर टेकली. काय सांगत असेल कार्टी? आई उशिरा येते म्हणून? की परवा गृहपाठावरून पाठीत धपाटा घातला होता, ते? समोरच्या बाईचं मूल तापानं फणफणलं होतं, तिच्याकडे बघवेना. काहीतरी निघू दे, छोटंसं का होईना, असं मनात आलं, आणि आपल्याच पोरीबद्दल असं मागितल्याची तिला आणखीच लाज वाटली.

पडदा सरकला. आई झटकन उठली.

"चुकलंच माझं, डॉक्टर. परत नाही आणणार."

"तिचं पोट दुखत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधीच दुखत नव्हतं."

आईनं ठमीकडे पाहिलं. ठमी पायाच्या अंगठ्याकडे बघत रडत होती.

"मी नव्हते सांगणार," ती पुटपुटली. "त्यांनी विचारलं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला खाट मोकळी करायला सांगितली, ईसीजीचं मशीन मागवलं, आणि आईचं मनगट हातात धरून तिला हलकेच खाली बसवलं.

"उठू नका, ताई. मोरीत दोनदा बेशुद्ध पडलात, आणि कुणाला सांगू नको म्हणून हिला शपथ घातलीत. तीन वेळा पोर तुम्हाला इथे घेऊन आली, आणि आम्ही तिचंच पोट तपासत बसलो."