बंड्याची साक्ष

दोन महिने पथ्य पाळूनही बंड्याचं वजन चार किलोंनी वाढलं होतं.

"कुत्र्याला चोरून कोण चारतं ते आज कळेलच," वृंदाने सासूबाईंना ऐकवलं. त्या खालच्याच मजल्यावर वेगळ्या राहायच्या.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी बंड्याच्या डोक्याला पट्टा बांधला आणि त्याच्या आठवणी पडद्यावर उमटू लागल्या. जिना दिसला. पायरीवर बसून वृंदाचा नवरा तिने पहाटे उठून भरलेला डबा बंड्यापुढे उपडा करत होता.

"आटप बाबा लवकर, खाली आईने पान वाढलंय."

डॉक्टरांनी घाईघाईने पडदा बंद केला. वृंदाने सासूबाईंकडे रोखून पाहिलं.

"रोज तर सांगत होते," पदर सावरत त्या म्हणाल्या, "कुत्र्याला मी कधी एक घासही घातला नाही."