रविवारची फळी

“ओल्या लाकडाला कोयता लागतो, पोरी, सुकं हातानंही मोडतं,” चुलीपाशी सरपण रचताना आई म्हणायची. अर्विंग या अमेरिकी शहरातल्या हॉटेलात, १९८४च्या कराटे-संमेलनात, सरलाला तेच सारखं आठवत होतं. पांढऱ्या पोशाखातले दुकानदार, दंतवैद्य लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांना वाकून नमस्कार करत होते. तिचा नवरा प्रतापही त्यांच्यातलाच. एरवी हार्ट सर्जन. शनिवारी त्यानं घरून आणलेली फळी एका फटक्यात मोडली. “बघ, उगाच हाताची काळजी करत होतीस,” तो मिशीत हसला. रविवारी चेव येऊन त्यानं संयोजकांचीच जाड फळी मागितली. सोमवारी त्याच हातानं ऑपरेशन करायचं होतं. सरला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. त्यानं हात उगारला, तशी ती निऱ्या सावरत स्टेजवर चढली. “अहो, थांबा. कालची फळी मी शुक्रवारभर ओव्हनमध्ये सुकवली होती. ही मी सुकवलेली नाही.”