पुलापलीकडचं गिऱ्हाईक

"ती लाल पट्टी अजून मोठी कर," सासरे म्हणाले.

सुनेने माउसवरचा हात काढला. शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानाची वेबसाइट तिनेच बनवली होती. सगळ्यात वर लुकलुकणारी ती लाल पट्टीही तिनेच चढवली होती, सासऱ्यांच्या हुकमावरून. 'याच नावाच्या पुलापलीकडच्या दुकानाशी आमचा काडीचाही संबंध नाही. फसू नका.'

पुलापलीकडचं दुकान सासऱ्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं. वाटण्या झाल्यापासून दोघांत अबोला.

"नको ना, बाबा. साइट उघडली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मला काय हौस आहे?" सासरे तेलकट बोटं फडक्याला पुसत राहिले. पट्टी लावल्यापासून त्यांनी स्वतः साइट उघडली नव्हती. परवा बाजारात भावजय समोरून आली, तर ते मान खाली घालून दुसऱ्याच गल्लीत शिरले. घरी येऊन धड जेवलेही नाहीत. "पण दुकानाला टाळं लागायची वेळ आली होती. आता पुलापलीकडची गिऱ्हाइकं रीघ लावतात. ती पट्टीमुळेच ना?"

तेवढ्यात एक शिंपी मशीन घेऊन आत आला. "दादा, टाका सुटतोय हो."

पलीकडून येणारे सगळे त्यांना दादाच म्हणत. अलीकडच्यांसाठी ते मिस्त्री होते.

"इकडे कोणी पाठवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

शिंप्याने नजर चुकवली. "साइट बघून आलो."

"ऐकलंस?" सासरे सुनेला म्हणाले. जिंकल्यासारखं काही त्यांच्या आवाजात नव्हतं.

सुनेला राहवलं नाही. "बाबा, पट्टी आपल्याच साइटवर आहे. ती दिसायला माणूस आधी तिथे यायला हवा. तो येतो कुठून, ते मला बघता येतं. पट्टीचा उपयोग दिसला तर मोठी करते. नाहीतर आजच काढायची. कबूल?"

"कबूल," सासरे पटकन म्हणाले. त्यांनाही ती निघालेलीच हवी होती.

तिने साइटचा हिशेब उघडला. बहुतेक सगळी माणसं एकाच लिंकवरून येत होती. ती लिंक ज्या पानावर होती, ते पान तिने उघडलं. वर ओळखीचं नाव होतं आणि खाली पुलापलीकडचा पत्ता.

सासऱ्यांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि तो काढून ठेवला. "तूच वाच."

शिंपी एव्हाना मशीनचा पट्टा उगाच चाचपत बसला होता. सून हळू आवाजात वाचू लागली.

'हात थरथरायला लागल्यामुळे दुकान बंद केलं आहे. मशीन खालच्या लिंकवरच्या दुकानात न्या. तो माझा दादा आहे, त्याचा हात माझ्याहून चांगला. फक्त मी पाठवलं असं सांगू नका, नाहीतर तो काम घेणार नाही.'